कल्हई आणि मुलामा

मांडव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहात बसलों असतां गेल्या वैशाखांत मला एक प्रश्न विचारण्यांत आला, आणि त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. पंचवीसांहून अधिक वर्षें ज्यानें महाविद्यालयांत तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकविलें, त्याला बाजारांतल्या एका साध्या शब्दाचा अर्थ सांगतां येऊं नये ही गोष्ट भूषणावह नव्हे; पण घडली ती अशी.

प्रश्न विचारणारे गृहस्थ आमच्या शेजारच्या कोळीवाड्यांतले एक नाखवा. वय माझ्याच आगेंमागें. त्यांची धाकटी मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, आणि पुढच्या शिक्षणासाठीं तिला लॅपटॉप हवा होता. नव्याची किंमत ४०,००० रुपयांच्या पुढें. त्याच जातीचा 'रिफर्बिश्ड' या नांवाखालीं १८,००० रुपयांस मिळतो, असें तिनें वडिलांस मोबाइलवर दाखविलें होतें. नाखव्यांनीं मला विचारलें (त्यांची बोली मी येथें आमच्या पुस्तकी मराठींत उतरवीत आहें, याबद्दल त्यांची क्षमा मागतों), "सर, हें रिफर्बिश्ड म्हणजे काय? जुनें कीं नवें?"

मी म्हणालों, "जुनेंच, पण दुरुस्त केलेलें."

"मग जुनें असें कां म्हणत नाहींत?"

यावर मी हंसलों. परंतु तें हंसणें उत्तर सांपडल्याचें नव्हतें, टाळल्याचें होतें, आणि हें त्यांच्याही ध्यानांत आलें असावें.

शब्दाची व्युत्पत्ति पाहूं गेल्यास ती मोठी बोधप्रद आहे. इंग्रजी 'फर्बिश' हा शब्द जुन्या फ्रेंचांतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ हत्यारें घासून लखलखीत करणें हा. म्हणजे आपल्याकडे जो धंदा शिकलगारांचा, तोच. गंजलेली तलवार शिकलगाराकडे जावी, त्यानें तिला शिकल करून धार लावावी, आणि ती पुन्हां म्यानांत जावी. मात्र शिकलगारानें ती तलवार 'जणूं आतांच भट्टींतून निघाली' असें म्हणून विकल्याचें कधीं कोणाच्या ऐकण्यांत नाहीं. उलट, तलवार जितकी जुनी आणि जितक्या हातांतून गेलेली तितकी तिची प्रतिष्ठा अधिक. ज्याचा इतिहास सांगण्यांत धनी अभिमान बाळगीत असे अशा वस्तूवरील संस्कारास लावलेला शब्द, ज्याचा इतिहास कोणीच सांगत नाहीं अशा वस्तूस लागावा, ही शब्दांच्या नशिबाची गंमत आहे.

कायद्यानेंही या शब्दाची व्याख्या केलेली आहे. आपल्या सरकारचे इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. त्यांत रिफर्बिशिंग म्हणजे वापरलेलें उपकरण दुरुस्त करून किंवा जुळवून, मूळच्याच कामासाठीं त्याचें आयुष्य वाढविणें आणि तें बाजारांत विकणें, अशा आशयाची व्याख्या आहे. आणि हा धंदा करणारानें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपली नोंद केली पाहिजे असें बंधन आहे. नियम चांगले आहेत. पण ते कचऱ्यासंबंधींचे नियम आहेत. वस्तु उकिरड्यावर जाऊं नये, तिच्यांतील विषारी द्रव्यें मातींत मुरूं नयेत, ही त्यांची काळजी. ती विकत घेणाऱ्या मुलीला काय सांगितलें जावें, हा त्या नियमांचा विषय नव्हे.

आणि सांगण्यासारखें तर पुष्कळ असतें. या एकाच शब्दाच्या छपराखालीं निरनिराळ्या घराण्यांतल्या वस्तु नांदतात. कोणी हौसेनें खोकें उघडलें, चार दिवसांत मन बदललें आणि वस्तु परत पाठविली. ती आतां नवी म्हणून विकतां येत नाहीं. कोणती दुकानाच्या मेजावर वर्षभर दिव्यांच्या झगमगाटांत नमुना म्हणून उभी होती. मोठमोठ्या कंपन्या शेंकड्यांनीं संगणक भाड्यानें घेतात आणि तीन-चार वर्षांनीं गठ्ठ्यानें मोकळे करतात. बाजारांत येणाऱ्या लॅपटॉपांपैकीं बरेच या जातीचे, आणि जाणते लोक यांसच पसंत करितात, कारण तें यंत्र कामाचें म्हणून बांधलेलें असतें आणि कचेरींत त्याची निगा राखली गेलेली असते. शेवटची जात घरगुती: पडलेलें, भिजलेलें, मुलांनीं हाताळलेलें, नव्याच्या बदल्यांत देऊन टाकलेलें. या सर्वांची पूर्वपीठिका अगदीं भिन्न. पण दुकानांत येतांना सर्वांचे कपडे सारखे.

कपडे चढविण्याच्या रीतीही दोन. प्रामाणिक कारखान्यांत आधीच्या धन्याचे कागदपत्र आणि छायाचित्रें समूळ पुसलीं जातात. प्रत्येक भाग तपासला जातो. दमलेली बॅटरी फेंकून नवी घातली जाते. ही बॅटरी म्हणजे या यंत्रांचा प्राण, आणि तो शेंकडों वेळां भरला-रिता झाला कीं क्षीण होत जातो. मूळच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर ती उतरली म्हणजे थकली, असें धंद्यांत सामान्यतः धरून चालतात. मग सहा महिन्यांची किंवा वर्षाची हमी देऊन माल बाहेर पडतो. दुसऱ्या रीतींत स्पिरिटचा बोळा फिरवितात, ओरखड्यांवर नवी पट्टी चिकटवितात, कोठला तरी चार्जर घालून नवें खोकें देतात. दोहोंचें नांव एकच. प्रतवारी असते, पण तीही बहुधा कातडीची. पाठीवर ओरखडे किती, कोपऱ्यास पोंचा आहे कीं नाहीं, यावरून पहिली, दुसरी, तिसरी प्रत ठरते. आंतला बोर्ड एकदां उकलून पुन्हां जोडला आहे काय, याला प्रत नाहीं.

माझ्या लहानपणीं वर्षांतून दोनदां दारावर कल्हईवाला येई. आंगणाच्या कोपऱ्यांत तो खड्डा खणून भाता लावी. आई पितळेचीं पातेलीं पुढें करी. नवसागराचा उग्र धूर निघे आणि काळवंडलेल्या भांड्याच्या पोटांत कापसाच्या एका फिरकीबरोबर चांदीसारखी झळाळी चढे. आम्हां मुलांना तो चमत्कार वाटे. पण घरांतल्या मोठ्या माणसांचा त्यांत कसलाच भ्रम नसे. भांडें आजीच्या लग्नांतलें आहे, त्याच्या कांठाला पोंचा आहे, ही कल्हई सहा महिन्यांनीं उडणार आहे, आणि ती उडाल्यावर त्यांत ताक ठेविलें तर तें कळकणार आहे, हें आईला कल्हईवाल्याइतकेंच ठाऊक असे. ती झळाळी कोणाला फसविण्यासाठीं नव्हती. भांड्यांतलें अन्न निर्धोक व्हावें एवढ्यासाठीं होती.

आतां सोन्याच्या मुलाम्याचा विचार करा. क्रिया दिसायला तीच: एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर. कसबही बहुधा अधिक. पण मुलाम्याची बांगडी सोन्याची म्हणून जेव्हां विकली जाते, तेव्हां त्या थराचें सारें मोल घेणाराच्या अज्ञानावर उभें असतें. घेणाराला खरें कळलें तरी कल्हईची किंमत एका पैनेंही कमी होत नाहीं. मुलाम्याची मात्र त्याच क्षणीं नाहींशी होते. वस्तूवर केलेला संस्कार कल्हई आहे कीं मुलामा, हें ओळखण्याची मला तरी याहून सोपी कसोटी आढळलेली नाहीं. रिफर्बिश्ड हा शब्द नवा नाहीं आणि जुना नाहीं अशी जी अडचण नाखव्यांना वाटली तिचें मूळ येथें आहे. तो शब्द कल्हईचाही आहे आणि मुलाम्याचाही, आणि कोणता हें तो स्वतः सांगत नाहीं.

तत्त्वज्ञानाचा अभ्यासक या ठिकाणीं एका जुन्या वाटेनें भटकण्याचा संभव असतो, आणि मीही थोडा भटकलों. प्लूटार्कानें थीसिअसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे. एकेक फळी बदलतां बदलतां सगळ्या फळ्या नव्या झाल्यावर तें गलबत तेंच कीं दुसरें, असा अथेन्सच्या पंडितांत वाद होता. सतराव्या शतकांत हॉब्सनें तींत भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचें दुसरें गलबत बांधलें, तर खरें कोणतें? आपल्याकडे मिलिंदपञ्हांत नागसेनानें रथाचीं चाकें, आंस, जूं हीं एकेक वेगळीं काढून राजाला असाच निरुत्तर केला. एका लॅपटॉपचा पडदा दुसऱ्याला, दुसऱ्याचा बोर्ड तिसऱ्याला, हा व्यवहार पाहिला म्हणजे हॉब्सची कल्पना दर शनिवारीं लॅमिंग्टन रोडवर प्रत्यक्ष घडत असते असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण खरें सांगायचें तर हा प्रश्न पंडितांचा आहे, नाखव्यांचा नव्हे. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवितात. नारळी पौर्णिमेच्या आधींचे दिवस डागडुजीचे. कुजलेली फळी काढून नवी बसवितात, फटी बुजवितात, बुडाला लेप देतात, नाळीवर ताजा रंग चढतो. ती होडी तीच कीं दुसरी, असा संशय मांडव्यांत कोणाला आल्याचें मला माहीत नाहीं. होडी विकावयाची झाली तर घेणारा काय विचारतो, तें मात्र मीं ऐकलें आहे. किती सालची? लांकूड कोणतें? फळ्या कोणत्या बदलल्या, आणि कां बदलल्या? खडकावर घासली होती काय? आणि विकणारा सांगतो. कारण घेणारा तिच्या बुडाखालीं वांकून पाहणार आहे, आणि सांगितलेलें खोटें ठरलें तर त्याच वाळूवर दोघांना उद्यांही उभें राहावयाचें आहे. वस्तु तीच कीं दुसरी हा येथें वादच नाहीं. तिच्यावर काय काय गुदरलें, हें विकणारास ठाऊक आहे आणि घेणारास नाहीं, एवढाच सारा प्रश्न.

लॅपटॉपच्या बुडाखालीं वांकून पाहतां येत नाहीं. चमत्कार असा कीं या यंत्रांना स्वतःची स्मृति असते. आपण किती तास चाललों याची नोंद हार्ड डिस्क स्वतःजवळ ठेविते. पुष्कळ मोबाइलांच्या पोटांत एक चिमुकला पांढरा कागद असतो. पाणी लागलें कीं तो तांबडा होतो आणि पुन्हां पांढरा होत नाहीं. वस्तु साक्ष द्यावयास तयार आहे. ती विचारणारा पाहिजे, आणि तिचें तोंड कोणी बंद करतां कामा नये. २०२५ च्या आरंभीं जर्मनींत असें उघडकीस आलें कीं, नव्या म्हणून विकल्या गेलेल्या कांहीं हार्ड डिस्का वस्तुतः हजारों तास चाललेल्या होत्या. विकणाऱ्या साखळींत कोणी तरी त्यांची नोंद पुसून शून्यावर आणली होती. पण डिस्कनें तीच नोंद दुसऱ्याही एका जागीं ठेविली होती, आणि ती पुसावयाची राहून गेली. या लबाडीविरुद्ध आपला कायदाही स्पष्ट आहे. दुरुस्त केलेला, वापरलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणें हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापार ठरविलेला आहे, आणि १९८६ च्या कायद्यांतही ती तरतूद होती. परंतु जो जुना माल जुनाच म्हणून, पण 'अगदीं नव्यासारखा' म्हणून विकला जातो, आणि ज्याचा एक दोष तेवढा बोलावयाचा राहून जातो, त्याचें काय?

आमचे स्मृतिकार या बाबतींत मोठे व्यवहारी होते. घेतलेली वस्तु पारखून पाहण्यास याज्ञवल्क्यानें मुदती घालून दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, बियाण्यास दहा. (दासदासींचीही मुदत त्याच यादींत आहे, ती वाचतांना मान खालीं घालावी लागते.) जिचा दोष लवकर कळतो तिला थोडा काळ, उशिरां कळतो तिला अधिक. आजच्या दुकानदारांची 'सात दिवसांत परत' ही सवलत यापुढें फारशी गेलेली नाहीं. किंबहुना दोष किती दिवसांनीं प्रकट होतो याचा विचार स्मृतिकारानें केला, दुकानदार सर्व मालास एकच माप लावतो. आणि निर्दोष वस्तु दाखवून सदोष पदरांत घालणारास नारदस्मृति दुप्पट किंमत परत करावयास लावून वर तितकाच दंड सांगते.

मात्र न बोलण्याच्या पापाचा खरा ऊहापोह केला तो सिसरोनें. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें मुलासाठीं लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एक घर विकावयास काढलें आहे. घर रोगट आहे, हें धन्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगितलेंच पाहिजे, असें अँटिपेटर म्हणतो. वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहून हें वाईट. डायोजेनीस म्हणतो, त्यानें कोणावर बळजबरी केली काय? त्याला नको होतें म्हणून त्यानें विकलें, तुम्हांला हवें होतें म्हणून तुम्हीं घेतलें. स्वतःच्या मालाचे दोष दवंडी पिटून कोण सांगतो? दोघेही स्टोइक, दोघेही थोर, आणि डायोजेनीस हा गुरु. सिसरोनें निकाल शिष्याच्या बाजूनें दिला, आणि देतांना एक बारीक भेद केला: गप्प राहणें म्हणजेच लपविणें नव्हे, पण जें ऐकण्यांत दुसऱ्याचें हित आहे तें आपल्या लाभासाठीं त्याला कळूं नये अशी इच्छा धरून गप्प राहणें, हें लपविणेंच.

हा भाग मीं वर्गांत किती तरी वेळां शिकविला आहे, आणि दर वेळीं अँटिपेटरची बाजू घेऊन शिकविला आहे.

आतां त्या दिवशींच्या धक्क्याकडे परत गेलें पाहिजे, कारण नाखव्यांचा खरा प्रश्न पुढेंच होता. थोडा वेळ समुद्राकडे पाहून ते म्हणाले, "सर, तुम्हीं नवा लॅपटॉप घेतलात ना? मग तुमचा जुनाच आम्हांला द्या. तुमच्या हातचा म्हटल्यावर कांहीं पाहायला नको."

माझ्या तोंडून तत्क्षणीं निघून गेलें, "छे छे, तो नको. त्यांत खारें पाणी शिरलें होतें."

"बरें झालें सांगितलेंत," ते म्हणाले, आणि बोट लागली म्हणून आम्ही उठलों.

त्या पाण्याची हकीकत अशी. पावसाळा संपून गेटवेच्या लांचा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. उघड्या कठड्याशीं बसलों असतां एक लाट आंत आली आणि माझी पिशवी न्हाऊन निघाली. लॅपटॉप तीन दिवस उन्हांत उलगडून ठेवल्यावर सुरू झाला आणि पुढें सुरळीत चाललाही. परंतु खाऱ्या पाण्याचें वाळणें हें वाळणें नव्हे. मीठ मागें राहतें, हवेंतला ओलावा ओढून घेतें आणि तांब्याच्या बारीक रेषांना महिनोन् महिने हिरवें करीत बसतें. समुद्रकांठीं राहणारास हें सांगावें लागत नाहीं. आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्याच सांगतात. म्हणून मीं नवा घेतला. आणि नाखवा भेटण्याच्या आधींच्याच आठवड्यांत जुना विकण्यासाठीं, असा माल घेऊन रिफर्बिश करणाऱ्या एका कंपनीचा तक्ता मोबाइलवर भरला होता. यंत्र सुरू होतें काय? होय. पडदा फुटला आहे काय? नाहीं. सर्व कळा चालतात काय? होय. प्रत्येक उत्तर खरें. पाण्याविषयीं प्रश्न नव्हता. किंमत आली ९,००० रुपये. आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांचा मनुष्य यंत्र न्यावयास येणार होता.

बोटींत बसल्यावर मला १८७२ च्या करारांच्या कायद्यांतील सतरावें कलम आठवलें. कपट म्हणजे काय हें सांगून त्याखालीं दृष्टान्त दिले आहेत. क आपला घोडा लिलांवांत ख यास विकतो. घोडा आंतून रोगी आहे हें क ला ठाऊक आहे. तो कांहीं बोलत नाहीं. हें कपट नव्हे. लगेच दुसरा दृष्टान्त: ख ही क ची नुकतीच वयांत आलेली मुलगी आहे. येथें त्यांच्या नात्यामुळें सांगणें हें क चें कर्तव्य होतें. दीडशें वर्षांपूर्वीं इंग्रज कायदेपंडितांनीं लिहिलेला हा उतारा मी आजवर कायद्याचें एक सुबक कलम म्हणून वाचीत आलों होतों. त्या दिवशीं वाटलें कीं, तो घोडा माझा आहे आणि ती मुलगी शेजारची आहे. तिच्या बापाला मीं न विचारतां सांगितलें, विचार करण्यास क्षणही लागला नाहीं. आणि कोणा परक्या गांवच्या, परक्या बापाच्या मुलीला सांगावयाचें टाळण्यासाठीं मीं तक्त्याच्या शब्दांचा आडोसा घेतला होता. त्या घोड्याचा रोग दोन्ही दृष्टान्तांत एकच आहे.

येथें आमच्यांतला डायोजेनीस बोलूं लागतोच. कंपनी कांहीं भोळी नाहीं. तिच्याकडे तंत्रज्ञ आहेत, त्यांनीं उघडून पाहावें. दोषांचा हिशेब त्यांनीं किंमत ठरवितांना सरासरीनें धरलेलाच असतो. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीं जो निबंध लिहिला, आणि ज्या कामासाठीं पुढें २००१ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले, त्यांत या सरासरीचीच मेख दाखविली आहे. चांगली कोणती आणि खोडील कोणती हें घेणाराला ओळखतां येत नाहीं, म्हणून तो सर्वांस मधली किंमत देतो. मधल्या किमतीला आपली चांगली मोटार कोण विकणार? चांगल्या हळूहळू बाजारांतून निघून जातात, आणि राहतात त्या पाहून लोक म्हणतात, जुन्याचा बाजार म्हणजे फसवणूक. माझें मौन त्या सरासरींत पडणार होतें, आणि तिची किंमत अठरा हजारांपलीकडे ज्यांची ऐपत नाहीं तेच भरणार होते.

दुसरा एक आक्षेप मला अधिक जड वाटतो. आम्हां मध्यमवर्गीयांच्या मनांत दुसऱ्याच्या वापरलेल्या वस्तूविषयीं एक सूक्ष्म किळस आहे, आणि इतिहास सांगत बसलों तर ती जागी होऊन लोक चांगलीं यंत्रेंही घेणार नाहींत, असें विक्रेते म्हणतात. 'रिफर्बिश्ड' हा शब्द त्यांनीं त्या किळसेवर घातलेलें पांघरूण आहे. असेलही. पण तीच आम्ही मंडळी जुन्या बाजारांतून पुस्तक घेतों तेव्हां पहिल्या पानावरचें अनोळखी नांव आणि समासांतल्या पेन्सिलीच्या खुणा पाहून आनंदतों. माझ्याजवळ असलेल्या सिसरोच्या प्रतींत कोणा विद्यार्थ्यानें नेमक्या त्या घराच्या प्रकरणापाशीं 'परीक्षेस नक्की' असें लिहून ठेविलें आहे. म्हणजे किळस वापराची नसते. न सांगितलेल्या वापराची असते. २०२१ पासून फ्रान्सांत कांहीं उपकरणांवर तें दुरुस्तीस किती सोयीचें याचे गुण छापावे लागतात. २०२२ सालीं आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेंही दुरुस्तीच्या हक्काचें एक दालन इंटरनेटवर उघडलें. दुरुस्तीस लाज मानूं नये इतकी अक्कल सरकारांना येत चालली आहे. केलेली दुरुस्ती बिलावर लिहून देण्यासही लाज वाटूं नये, एवढेंच आतां उरतें.

दुसऱ्या दिवशीं कंपनीचा मनुष्य आला. विशीचा, पाठीवर मोठी पिशवी, अलिबागहून दुचाकीवर आलेला. मीं त्याला पाण्याची गोष्ट सांगितली. त्यानें मोबाइल वरखालीं केला आणि म्हणाला, "सर, याला माझ्याकडे रकाना नाहीं." मग वरिष्ठांस फोन केला. बोलणें संपल्यावर नव्या किमतीचा आंकडा त्यानें मला संकोचानें दाखविला: १,२०० रुपये. "तुम्हीं सांगितलें नसतें तर कोणाला कळलें नसतें," तो म्हणाला; त्याच्या स्वरांत माझ्याविषयीं आदर होता असें मला म्हणवत नाहीं, कींवच असावी. मलाही कसलें समाधान वगैरे झालें नाहीं. ७,८०० रुपये ही रक्कम मीं मनांतल्या मनांत दोनदां मोजली, एवढें आठवतें.

याचें आतां काय करणार, असें मीं विचारलें. "बोर्ड मोडींत जाईल. पडदा आणि कळफलक चांगले आहेत, ते लागतील कुठें तरी."

जूनच्या आरंभीं नाखवा आणि त्यांची मुलगी लॅमिंग्टन रोडवर जाऊन लॅपटॉप घेऊन आलीं. संध्याकाळीं तो मला दाखवावयास तीच आली. यंत्र बरें होतें. मीं आपल्या अल्प माहितीनें उघडझांप करून पाहिलें. मग तिनें बिल पुढें केलें. दुकानदाराला तिनें त्याच्या पाठीमागें कांहीं लिहावयास लावलें होतें. आधीं तो कुरकुरला, म्हणाला असें कोणी मागत नाहीं. पण वडील त्याला म्हणाले कीं, होडी घेतांना आम्ही विचारतों, मग येथें कां नको? अखेर त्यानें निळ्या शाईनें तीन ओळी लिहून सही केली. बॅटरी नवी. कळफलक मूळचा. पडदा दुसऱ्या यंत्राचा.

"दुसऱ्या म्हणजे कोणाच्या, सर?" तिनें विचारलें.